बांगडी कुठवर जाते

इंदूबाय गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास गेल्या. त्या उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. आत लसीकरण चालू होतं, बाहेर बायका रांगेत होत्या. इंदूबायनी डोळे मिटले आणि डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. बायकांना वाटलं, त्या ऐकतायत. त्यांनी बोलणं थांबवलं, मुलांना गप्प केलं. दहा मिनिटांनी हल्लीची नर्स, पूनम सिस्टर, बाहेर आली आणि तिनं इंदूबायचा हात हातात घेतला.

ऐकताना डोळे मिटायची त्यांची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. गरोदर बाईच्या पोटावर ॲल्युमिनियमचा छोटा कर्णा उभा धरायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ उपकेंद्रात कुणी बोलायचं नाही. बाहेर मासळीवाली ओरडत आली तरी तिला खुणेनं थांबवलं जायचं. मग आपण सगळेच पाण्याखाली गेलो आहोत असं वाटायचं. माडांची सळसळ दूर जायची, खाडीवरच्या होड्यांचा आवाज दूर जायचा, आणि मधोमध इंदूबायचा मिटल्या डोळ्यांचा, सावळा, रुंद चेहरा तेवढा राहायचा. डोळे उघडून त्या म्हणायच्या, "हाय. आपल्या नादात हाय." आणि रांगेतल्या सगळ्यांचा अडलेला श्वास सुटायचा.

आमचं गाव दिघीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आहे. मी इथल्या शाळेत शिकवतो. मी आलो तेव्हा इंदूबाय उपकेंद्रात नर्स होत्या, आणि त्याआधीही कितीतरी वर्षं असाव्यात. सरकारी कागदांवर त्यांचं पद लांबलचक होतं. लोक शिष्टर म्हणत, म्हातारी माणसं सुईणबाय म्हणत. त्या सगळ्या हाकांना ओ देत. मूळच्या रेवदंड्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लहानपणी बाजारात आईशेजारी बसून त्यांनी मासळी विकली होती, आणि आपली अर्धी विद्या तिथलीच आहे असं त्या सांगत.

"गिऱ्हाईक मासा दाबून बघतं, गुर्जी. ताजा असला तर बोटाचा खळगा लगेच भरून येतो. बाईच्या नडगीचं पण तसंच हाय."

नडगीवर अंगठा दाबून त्या ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजत. मग अंगठा उचलून त्या जागेकडे बघत बसत. खळगा भरला की म्हणत, "जा." राहिला तर म्हणत, "बस." हे दोन शब्द गावातल्या सगळ्या बायकांनी आयुष्यात कधी ना कधी ऐकलेले आहेत.

"काही त्रास होतो का?" असं त्या कुणालाच विचारत नसत. त्यांचं म्हणणं असं की, शेजारी सासू उभी असताना या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, ते म्हणजे न्हाय. त्याऐवजी त्या विचारत, "आज भाकरी कोणी भाजली गो?" मुलीनं "सासूबाईंनी" म्हटलं, की इंदूबाय खुर्ची पुढे ओढून घेत. कारण आठव्या महिन्यातल्या सुनेला चुलीपासून उठवून सासू स्वतः बसली, म्हणजे त्या मुलीला उभं राहवत नाहीये, आणि ती ते सांगणार नाहीये.

लोहाच्या गोळ्यांची त्यांची उलटतपासणी मी व्हरांड्यातून कितीदा ऐकली.

"गोळ्या घेते ना?"

"घेते बाय. रोज."

"मग शी काळी होते काय?"

"ईऽ! काहीतरीच काय बाय! न्हाय, नेहमीसारखीच होते."

"बरं. म्हणजे गोळ्या तुझी कोंबडी खाते. तिला सांग, अंडी माझ्याकडं आणून दे. लई ताकद असंल त्यांच्यात."

सगळी रांग हसायची, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून खरोखर गोळी घ्यायची.

एकदा आखातातून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला एक नवरा बायकोला घेऊन आला होता. आधीच्या दोन मुलांच्या वेळी तो इथे नव्हता. दाराशी उभा राहून सारखं घड्याळ बघत होता. इंदूबायनी त्याला आत बोलावलं, कर्ण्याला त्याचा कान लावला आणि म्हणाल्या, "डोळे मीट." बराच वेळ तो वाकून राहिला. उठला तेव्हा त्याला कुणाकडे बघावं ते कळेना. म्हणाला, "खाडीच्या पल्याडनं होडीचं इंजन येतंय असं वाटलं. येतंय, पण अजून लांब हाय."

"येतंय ना? मग धक्क्यावर थांब की," इंदूबाय म्हणाल्या. त्यानं रजा वाढवून घेतली.

पण त्यांची खरी खूण बांगडीची होती, आणि ती मला फार उशिरा कळली.

आमच्याकडे सातव्या महिन्यात बांगड्या भरतात. हिंदूंच्या घरात भरतात तशा मुसलमानांच्या घरातही. त्या भरायला श्रीवर्धनहून जैनबखाला येते. सगळ्या गावांतली मनगटं तिला मापानिशी पाठ आहेत, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. सातव्याच्या बांगड्या ती घट्ट भरते, हात भरलेला दिसावा म्हणून. त्यानंतर तपासणीला आलेल्या मुलीचा हात इंदूबाय आपल्या हातात घेत, आणि गप्पा मारता मारता तिची बांगडी दोन बोटांनी कोपराकडे सरकवत. बांगडी कुठवर जाते ते बघत आणि हात सोडून देत. मुलींना वाटे, बाय माया करतायत. माझ्या बायकोला, वासंतीलाही तसंच वाटायचं.

पाय आठव्या महिन्यात बहुतेकींचे सुजतात. हात सुजला की मी घाबरते, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. मागच्या आठवड्यात चार बोटं वर जाणारी बांगडी या आठवड्यात दोनच बोटं गेली, की रक्तदाब चढू लागला असं त्या धरत, आणि मग पाऱ्याचं यंत्र काढून खात्री करून घेत. हे त्या बायकांना मुद्दाम सांगत नसत. सांगितलं तर घाबरून बांगड्या उतरवून येतील, असं त्यांना वाटे.

वासंतीला सातव्यात दोन-चारच्या बांगड्या भरल्या. तीन आठवड्यांत त्या तिच्या मनगटात रुतू लागल्या. रात्री काढता येईनात, लाल वळ उठले. माझ्यानं ते बघवेना. एका रविवारी आई देवळात गेली असताना मी साबण लावून त्या उतरवल्या. तीन फुटल्या. गरोदर बाईची बांगडी फुटणं आमच्या घरात केवढं मानलं जायचं ते मला माहीत होतं. मी तुकडे खाडीत टाकले, श्रीवर्धनला गेलो, आणि अगदी त्याच हिरव्या रंगाच्या, दोन मापं मोठ्या, डझनभर बांगड्या आणल्या. आईला कळलं नाही. वासंतीला बरं वाटलं. मलाही वाटलं, मी चांगला नवरा आहे.

त्याच आठवड्यात गुरुवारी उपकेंद्रात फार गर्दी होती. रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा खाऱ्या हवेनं तडकला होता, आणि नवा मागवलेला आला नव्हता. इंदूबायनी वासंतीचा हात घेतला, बांगडी सरकवली. ती सरसर कोपरापर्यंत गेली. "जा," त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी सकाळी वासंती ओटीवर बसून मला म्हणाली, "अहो, दिवसाउजेडी काजवे दिसतायत." मी वाचणारा माणूस. मला ते वाक्य आवडलं. ते मनात घोळवत मी शाळेत गेलो.

दुपारी बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा वासंती जमिनीवर होती आणि तिचं सगळं अंग झटके देत होतं. आई एका हातानं कांदा हुंगवत होती आणि दुसऱ्या हातानं दातांत चमचा घालायला बघत होती. तेवढ्यात इंदूबाय आल्या. त्यांनी चमचा काढून घेतला. "तोंडात काय घालू नका. कुशीवर घ्या. डाव्या." वासंतीला त्यांनी कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदरानं पुसला, दातांखाली सापडलेली जीभ बघितली. झटके थांबल्यावर दोन्ही बाजूंना कमरेखाली एकेक इंजेक्शन दिलं. त्यांचे हात घाई करत नव्हते. मला म्हणाल्या, "गुर्जी, टेम्पो बघा. आणि दिघीला फोन लावा. जंगलजेट्टी सोडू नका म्हणावं."

जंगलजेट्टी म्हणजे आमची गाड्या नेणारी फेरीबोट, दिघी ते आगरदांडा. पलीकडे रुग्णवाहिका येऊन थांबणार होती, तिथून अलिबाग. बोटीवर लग्नाच्या वऱ्हाडाची एक बस चढलेली होती, बरोबर वाजंत्री होते. कोळणी पाट्या घेऊन बसल्या होत्या. दोन-तीन मोटारी होत्या. वासंतीला डेकवर सतरंजीवर, डाव्या कुशीवर निजवलं. इंदूबायनी तिच्या चेहऱ्यावर छत्री धरली आणि उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "आवाज आणि उजेड, दोन्ही हिला सोसायचा न्हाय. झटका परत येईल. पलीकडं लागेपर्यंत कोणी बोलू नका."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. तरी सगळी बोट गप्प झाली. वाजंत्र्यांनी ताशे उलटे करून मांडीवर घेतले. बसमधल्या बायकांनी नवरीच्या हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिचे हात आपल्या हातांत धरले. एका माणसाजवळ कोंबडा होता, त्यानं त्याच्यावर टॉवेल टाकला. बोटवाल्यानं भोंगा वाजवला नाही. खाडी भरतीची होती, पाणी तेलासारखं संथ होतं, आणि त्याच्यावरून एवढी माणसं, एक बस, एक लग्न, सगळं एकही शब्द न बोलता सरकत होतं. जंजिऱ्याची भिंत दूर उन्हात तरंगताना दिसत होती. ती अर्धी घटका माझ्या स्वप्नात अजून येते, आणि स्वप्नात ती कधी संपत नाही. आम्ही पलीकडे पोचत नाही, आणि कुणी बोलत नाही.

मधेच इंदूबाय खाली बसल्या आणि वासंतीच्या बांगड्या उतरवू लागल्या. झटका आला तर काच हातात घुसेल म्हणून. बांगड्या आता त्या मोठ्या मापातही अडकत होत्या. एका कोळणीनं न सांगता आपल्या पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. अकरा बांगड्या सलग निघाल्या. बारावी फुटली. इंदूबायनी त्या अकरा एप्रनच्या खिशात ठेवल्या.

वासंती वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

संध्याकाळी अलिबागला दवाखान्याच्या बाकावर इंदूबाय माझ्याशेजारी येऊन बसल्या. खिशातून एक बांगडी काढून त्यांनी ती आपल्या मनगटाशी धरून बघितली.

"गुर्जी, जैनबनं हिला दोन-चारची काकणं भरली होती. ही दोन-आठची हायत. कोणी बदलली?"

"मी," मी म्हणालो. आणि का ते सांगितलं.

त्यांनी बांगडी परत खिशात ठेवली. मग बांगडी कुठवर जाते ते त्या का बघतात, हे त्यांनी मला सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश. मला समजलं तेव्हा मी उठायला लागलो. कुठे जाणार होतो, माहीत नाही. त्यांनी माझी बाही धरली.

"बसा. यंत्र मी लावलं न्हाय. फुगा फुटला तर मी दुसऱ्या गावच्या सिस्टरकडनं यंत्र आणायला पायजे होतं. काकणावर विसंबले ती मी."

"पण वासंतीला..."

"तिला यातलं काय सांगू नका. तिची कूस रिकामी झालीय. आता नवऱ्यावरचा जीव तरी जागेवर ऱ्हाऊ दे. हे तुमच्या-माझ्यात."

चौकशी झाली. इंदूबायनी लिहून दिलं, रक्तदाब तपासला नाही, चूक माझी. त्यांना बोलणी बसली. गावातल्या काही घरांनी वर्षभर सुना दुसरीकडे नेल्या. माझी आई त्यांना बघून तोंड फिरवायची आणि म्हणायची, "हिच्या हातानं माझी नात गेली." मी तिथेच असायचो. पुस्तकातून डोकं वर काढायचो नाही.

त्यांनी काम मात्र बदललं. यंत्र लावल्याशिवाय त्यांनी पुन्हा एकाही बाईला 'जा' म्हटलं नाही. स्वतःच्या पिशवीत दुसरा रबरी फुगा ठेवू लागल्या. आणि जैनबखालाला बोलावून तिच्याशी एक करार केला. पुढे जैनबखालानं तो मला सांगितला.

"बाय बोलली, जैनब, पोटुशी पोरगी मोठं माप मागंल तर दे, पण मना कळव. मी बोलले, मी काकणंवाली हाय का तुझी जासूद? बाय बोलली, दोन्ही. तेव्हापासनं फोन करते. अमक्या आळीतली, दोन-चारवरनं दोन-सहा. बाय लगेच यंत्र घेऊन तिच्या दारात."

कितीजणींना असं वेळेवर पलीकडे नेलं ते जैनबखालाला मोजून सांगता येत नाही. ती बोटं मोडते आणि मधेच सोडून देते. पण ही खूण त्या दोघींतच राहिली. इंदूबायनी ती रांगेत कधी बोलून दाखवली नाही. बोलल्या असत्या तर ती वासंतीच्या कानावर गेली असती, आणि तिनं बरोबर जोडलं असतं. माझी चूक त्यांनी बारा वर्षं आपल्या जिभेखाली धरून ठेवली.

पुन्हा दिवस गेले तेव्हा वासंतीनं दुसरीकडे जायला नकार दिला. आईला म्हणाली, "बोटीवर छत्री कोणी धरली होती? मी तिच्याकडेच जाणार." इंदूबायनी तिला पहिल्यापासून अलिबागच्या डॉक्टरांना दाखवलं, आठवड्यातून दोनदा घरी येऊन यंत्र लावलं, आणि नववा लागायच्या आधीच पलीकडे राहायला पाठवलं. मुक्ता झाली. आता ती चौथीत आहे.

निवृत्त झाल्यावरही इंदूबाय दर गुरुवारी पायरीवर येऊन बसत. पूनम सिस्टरकडे बटण दाबलं की आकडे दाखवणारं यंत्र आहे. इंदूबाय ते आकडे विचारत नसत, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींचे हात तेवढे धरत. जाण्याच्या आदल्या रविवारी त्या मला दिघीच्या धक्क्यावर दिसल्या. रेवदंड्याहून परतल्या होत्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. मुक्ता धावत गेली. त्यांनी तिचा हात घेतला आणि तिच्या प्लॅस्टिकच्या बांगडीला दोन बोटं लावून ती वर सरकवली. बांगडी थेट दंडापर्यंत गेली. "जा," त्या म्हणाल्या. मुक्ता हसत पळाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण रिक्षा आली आणि त्या पिशवी सांभाळत चढल्या. रिक्षा वळेपर्यंत त्यांचा हात बाहेरच्या दांडीवर दिसत होता.

दहाव्यानंतर त्यांची भाची रेखा रेवदंड्याहून खोली आवरायला आली. वासंती आणि मी मदतीला गेलो. ट्रंकेत तळाशी पावडरचा डबा होता. रेखानं तो उघडला. आत जाळीच्या पट्टीत गुंडाळलेल्या अकरा हिरव्या बांगड्या होत्या.

"मावशी तर काकणं घालायची न्हाय," रेखा म्हणाली. "कोणाची ही?"

वासंतीनं एक हातात घेतली, उजेडात फिरवली. "माझ्या आहेत. पण बायनी का जपल्या असतील?"

तो डबा आम्ही घरी आणला. घरी आल्यावर सांगितलं. वळ, साबण, श्रीवर्धन, दोन-आठ हे तिला माहीतच होतं. बाय बांगडी का सरकवायच्या, ते सांगितलं. बाकावरचं बोलणं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या संपल्या तरी तिचे हात चालू होते.

"मला वाटायचं, माया करतायत," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि आई त्यांना बोलायच्या तेव्हा तुम्ही वाचत बसायचात."

"हो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी सकाळी तिनं पावडरचा डबा उचलला आणि उपकेंद्रात गेली. मी मागून गेलो, पण फाटकाशीच थांबलो. ती पायरीवर बसली. रांगेत सहा-सात मुली होत्या. जवळच्या मुलीचा हात तिनं हातात घेतला आणि बांगडी सरकवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगू लागली, "हे का बघायचं, माहीत आहे? ऐका. माझी पहिली मुलगी..."

मुलींनी बोलणं थांबवलं.

अकरा बांगड्या आता उपकेंद्राच्या टेबलाच्या खणात आहेत. जैनबखालाचा फोन आता पूनम सिस्टरला जातो. गुरुवारी पायरीवर वासंती बसते.